चित्रदुर्गच्या अलीकडे सायमन काय म्हणाला

सायमनने मला फसवलं. अकरा वर्षं फसवलं, आणि गेल्या महिन्यात हृदय बंद पडून मोकळा झाला. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मला कळतं. पण शाळेपासूनचा मित्र म्हणून या रविवारच्या पुरवणीत त्याच्यावर चार शब्द लिहा, असं मला सांगितलं गेलं, आणि खरं लिहायचं तर माझ्याकडे आधी हेच आहे.

बातमी आली तेव्हा मी चौक गावातल्या माझ्या गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. फोन सुनंदाचा, माझ्या बायकोचा. "सायमनभाऊ गेले," एवढंच म्हणाली. मी गिऱ्हाइकाला म्हणालो, जा, तू म्हणतोस तसंच होऊ दे. तो घाबरून माझ्याकडे बघतच राहिला. सायमनशी मी अकरा वर्षं धड बोललो नव्हतो. मग हातातला पाना खाली का पडला, ते मला अजून कळलेलं नाही.

आम्ही दोघं कर्जतला लागून असलेल्या दहिवलीचे, एका बाकावरचे. तो पुढे शाळेच्या गणवेशांचा शिंपी झाला. मी हायवेवर पंक्चर काढता काढता गॅरेज टाकलं, मग बस घेतली. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. सायमन त्यांच्या चर्चचा तरुण संघ बघायचा. अकरा वर्षांपूर्वी त्याने ठरवलं की पोरांना कन्याकुमारीला न्यायचं, रस्त्याने, आणि बस दत्ताचीच, म्हणजे माझीच. निघायच्या आदल्या दिवशी माझा दुसरा ड्रायव्हर काविळीने पडला. सायमन म्हणाला, "दुसरा बघ रं कुनीतरी." मी म्हणालो, "माझ्या गाडीला परक्याचा हात लागत नाय. मी एकटा नेतो." गाडीपुढे उभं राहून सगळ्यांनी प्रार्थना केली, सायमनची जरा जास्तच लांबली, आणि आम्ही खालापूर मागे टाकून घाट चढलो.

पहिल्या दुपारी, कराडच्या पुढे, तो माझ्या शेजारी केबिनमध्ये येऊन बसला आणि त्याने वाद उकरून काढला. म्हणे नेरळचा वडा कर्जतच्या वड्यापेक्षा चांगला. दहिवलीत जन्मलेला माणूस हे बोलतो! मी त्याला अर्धा तास झाडला. मग म्हणे, "तुज्या चौकच्या ढाब्यावरची मिसळ म्हंजे गरम पाण्यात बुडवलेला चिवडा." मागे पोरं खिदळत होती. मग माझ्या हॉर्नला नावं ठेवली, माझ्या मिश्यांना ठेवली, शाळेत मी भूगोलात नापास झालो ते सगळ्या बसला सांगितलं. बेळगावपर्यंत मी नुसता पेटलेला होतो. हा माझा अपमान करायलाच आला आहे, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दावणगेऱ्याला लोणी डोसे खाऊन निघालो. सरळ रस्ता, ऊन, समोर एकसारखी मोठमोठी पवनचक्क्यांची पाती फिरताहेत... सायमनने पुन्हा वडा काढला, मिश्या काढल्या. मी नुसतं हूं हूं करत होतो. चित्रदुर्ग थोडं राहिलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "दत्ता, सुनंदावैनी तुला घाबरतात. अंगणात तुजी चप्पल वाजली की बोलता बोलता थांबतात. मी बघितलंय."

मी गाडी कडेला घेतली, खाली उतरलो आणि त्याला म्हणालो, "मागं जाऊन बस. परत माज्या शेजारी दिसलास तर हितंच सोडून जाईन." बंगळूरपर्यंत माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. परतीच्या वाटेवर त्याने एकदा "दत्ता, ते..." अशी सुरुवात केली होती. मी हॉर्न दाबून धरला. पुढे दर नाताळला त्याच्या घरून फराळाचा डबा यायचा. सुनंदा घ्यायची, मी त्यातलं कधी काही तोंडात घातलं नाही.

शोकसभेला गेलो तो मागे उभं राहण्यासाठी. तिथे रूथ भेटली. सहलीत होती तेव्हा कॉलेजात होती, आता नेरळला शिक्षिका आहे. ती म्हणाली, "काका, ती भांडणं आठवली की अजून हसू येतं."

"कसलं हसू?"

"म्हणजे... तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? पहिल्याच दुपारी तुमचा डोळा लागला होता. बस कडेला गेली, सायमनदादांनी बघितलं. आम्ही गाणी म्हणायला लागलो तर तुम्ही ओरडलात, गाण्याने झोप येते म्हणून. मग दादा म्हणाले, थांबा, दत्ताला राग आला की तो झोपत नाही."

बसमध्ये एकतीस पोरं होती, त्यांचे जीव त्या रागावर चालले होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं ते फक्त मला. मी रूथला विचारलं, "आणि चित्रदुर्गच्या अलीकडे जे बोलला, ते?"

"ते ऐकू नाही आलं. वड्याचं मोठ्याने चालायचं, तेव्हा मात्र दादा हळू बोलले. मागे येऊन बसले तेव्हा एवढंच म्हणाले, आज जरा जास्त झालं."

जास्त म्हणजे काय? वडा, मिसळ, मिश्या पुरेनात म्हणून त्याने तोंडाला येईल ते फेकलं? की इतकी वर्षं आमच्या घरी चहा प्यायला येऊन पाहिलेलं, मनात ठेवलेलं, ते त्या दिवशी बाहेर आलं? जागंच ठेवायचं होतं तर हळू कशाला बोलला? आणि खरंच होतं तर परत येताना मी हॉर्न सोडेपर्यंत थांबला का नाही? मी आयुष्यभर समोरच्याच्या चेहऱ्यावरून ओळखत आलो की हा कुठे खोटं बोलतोय. त्या दिवशी मी चेहरा बघितलाच नाही. रस्ता बघत होतो. त्याला तेच हवं होतं.

शोकसभेहून घरी आलो आणि सुनंदाला विचारलं, "सायमन माझ्याबद्दल तुझ्याशी कधी काही बोलला होता?" ती म्हणाली, "चहा ठेवू?" मी पुन्हा विचारलं, आणि माझा आवाज चढला. ती आत गेली.

तेव्हा आता इथे विचारतो, कारण कागदावर मला ओरडता येत नाही. ही पुरवणी रविवारी आमच्या घरात आधी सुनंदा वाचते, मग मी. सायमन गेला. रूथला ऐकू आलं नाही. त्या वाक्याचा जाब द्यायला तूच उरलीस, सुनंदा. मी रागावणार नाही असं वचन देत नाही, ते मला जमायचं नाही. पण तो खोटं बोलला असेल तर तसं सांग, आणि खरं बोलला असेल तर तेही तुझ्याच तोंडाने सांग. चहा नको. उत्तर दे.