बोगद्यांची वही

सिप्केने अडतीस वर्षं समुद्रकाठच्या सपाट मुलखातल्या आपल्या गावच्या कालव्यावरचा पूल सांभाळला. नाव आली की पूल वर, नाव गेली की पूल खाली. जुलै लागला की पुलाशी कॅम्पर गाड्यांची, चाकांवरच्या घरांचीच म्हणा ना, रांग लागायची, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. "कुठे?" सिप्के विचारायचा. "डोंगरात!" काचेतून उत्तर यायचं. हात हलवून तो त्यांना पुढे सोडायचा आणि जेवताना बायकोला सांगायचा, "आज अकरा गेल्या."

"आपण कधी?" फार्दाऊ विचारायची.

"पूल सोडून कसं येणार? रिटायर झालो की जाऊ."

फार्दाऊचं मागणं साधं होतं. उन्हाळ्यात त्यांच्या कालव्यात खेळणारं पाणी ऱ्हाइन नदीचं. ती नदी ज्या स्विस डोंगरातल्या तळ्यातून निघते, ते तळं तिला पाय चालताहेत तोवर एकदा बघायचं होतं. एक गुडघा तर आताच कुरकुरायला लागला होता.

शेवटी सिप्के रिटायर झाला, सेकंडहँड कॅम्परही दारात आली, आणि सबब म्हणून काही उरलं नाही. मग त्याने प्रवासाचा आराखडा करायला घेतला. चौकटीची वही, लाकडी पट्टी, टोकदार पेन्सिल, आणि तब्बल तीन महिने! रोज किती किलोमीटर, पाणी कुठे भरायचं, संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, सगळं लिहिलं. जन्म पुलावर गेलेला माणूस तो. वाटेतल्या प्रत्येक पुलाखालून गाडी जाईल का, तेही सेंटिमीटरमध्ये टिपलं. बटाटे घरचेच न्यायचे ठरले, वीस किलो. परक्या मुलखातल्या बटाट्यांचा काय भरवसा?

मे महिन्यातल्या एका सकाळी फार्दाऊने दहाची कॉफी ओतली. डबा उघडून त्याला एक बिस्किट दिलं, स्वतः एक घेतलं आणि झाकण घट्ट लावलं. कॉफीबरोबर बिस्किट एकच, हा तिकडचा कायदाच आहे, पाहुणासुद्धा त्यातून सुटत नाही. मग तिने वही ओढली.

"सहावा दिवस, बोगदा, सतरा किलोमीटर. सातवा दिवस, बोगदा. आठवा..." तिने चष्मा वर केला. "सिप्के, आपण डोंगरात चाललोय की डोंगराखालून?"

"बोगद्यातून वेळ वाचतो."

"रिटायर माणसाचा वेळ! वाचवून ठेवणार कुठे, फ्रिजमध्ये? आणि माझं तळं कुठंय यात?"

"त्यासाठी खिंड चढावी लागते. दोन हजार मीटर. गाडी जुनी, ब्रेक..."

"ब्रेक गेल्याच आठवड्यात नवे घातलेस."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! फार्दाऊने वही मिटली. "यायचं नसेल तर तसं सांग. मी आगगाडीने एकटी जाईन. पण हे असलं खोटं काम माझ्यापुढे ठेवू नकोस."

सिप्केने खिडकीबाहेर नजर वळवली. बाहेर हिरवं सपाट रान, गाई, आणि त्यापलीकडे पुन्हा सपाट रान. मग पोटातलं ओठावर आलं.

दहा वर्षांचा असताना वर्गातल्या पोरांबरोबर तो चर्चच्या मनोऱ्यावर चढला होता. वर त्याचे पाय जे थिजले, ते हलेचनात. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने त्याला खांद्यावर टाकून खाली आणलं, तेव्हा अख्खं गाव चौकात हसत उभं होतं. त्यानंतर तो समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधापेक्षा उंच कुठे चढला नाही.

"मला भीती वाटते, फार्दाऊ," तो म्हणाला. "पूल वर जायचा, मी कधीच नाही. आणि पूल सोडून येता येत नाही हे खोटं होतं. मला दर वर्षी तीन आठवडे रजा मिळायची."

"माहीतंय."

"काय माहीतंय?"

"रजेचा कागद. दर वर्षी धुवायच्या विजारीत सापडायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

सिप्केला तोंड कुठे लपवावं कळेना. अडतीस वर्षं त्याने रांगेतल्या परक्या गाड्या मोजल्या होत्या आणि घरातलं माणूस तसंच थांबून राहिलं होतं.

"गाडी मी चालवते," फार्दाऊ म्हणाली. फिरत्या वाचनालयाची बस बावीस वर्षं तिनेच बांधावरच्या अरुंद रस्त्यांवरून फिरवली होती.

"मग मी काय करू?"

"चढावर मागे रांग लागली की सांग, मी कडेला घेते. लोकांना पुढे सोडायला तुझ्याइतकं कोणाला जमतं?"

"आणि डोळे मिटले तर?"

"मीट की. वर पोचलो की हाक मारते."

सिप्केने खोडरबर घेतलं. सहावा दिवस खोडताना कागद फाटता फाटता राहिला. त्या जागी त्याने पेनने, सावकाश, 'खिंड' असं लिहिलं आणि शेजारी, चालक म्हणून, फार्दाऊचं नाव.

फार्दाऊने डबा पुन्हा उघडला आणि त्याच्याकडे सरकवला. त्याने दबकत दुसरं बिस्किट उचललं. तिने झाकण लावलं नाही.