पाटलांच्या लेकीचा अर्ज

उजवा हात पुढे करून ती त्याची मूठ मिटायची, मग डावा हात पुढे करून तो सावकाश उघडायची, आणि विचारायची, "हे घेतलं, मुन्शीजी. मग सोडलं काय?"

हा प्रश्न कशावरूनही निघे. मी समोरच्या हॉटेलातून चहा मागवला की तिचे दोन्ही हात पुढे आलेच. एकदा मी त्रासून म्हणालो, "चहा घेतला. सोडलं काहीच नाही."

"असं होतच नाही. हा घेतला नसता, तर त्याऐवजी काय घेतलं असतं?"

"त्याऐवजी? पलीकडच्या हॉटेलातला चहा."

ती इतकी हसली की झाडाखाली बसलेले पक्षकार वळून पाहू लागले. हसण्यासारखे मी काय बोललो, हे मला तेव्हा समजले नाही. आणि वाचकहो, आजही पुरते समजले आहे असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

परभणीच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली माझी बैठक आहे. निजामाच्या अमदानीत मी उर्दूत अर्ज लिहिले, पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठीत लिहू लागलो; भाषा बदलली, पण माणसांची गाऱ्हाणी बदलली नाहीत. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे. तरीही किती शिकलेल्या लोकांची कामे माझ्या लेखणीने मार्गी लागली, हे मीच सांगणे बरे दिसणार नाही. अर्जाचे माझे नियम ठरलेले आहेत. कागद उभा दुमडावा आणि डावा अर्धा भाग कोरा ठेवावा, कारण तो समास हाकिमाला हुकूम लिहिण्यासाठी असतो. मजकुराच्या आरंभीच अर्जदार गरीब व निराधार असल्याचे नमूद करावे. एवढे केले की हाकिमाची नजर पुढच्या ओळीवर जाते.

ती पेडगावच्या बाजूच्या एका गावच्या पाटलांची लेक. नाव मी लिहीत नाही. अर्जदाराचे नाव चारचौघांत फोडू नये, ही आमच्या धंद्याची रीत आहे. हैदराबादच्या कॉलेजात ती बी.ए.ला अर्थशास्त्र शिकत होती. सुटीत आली की वडिलांच्या बैलगाडीतून परभणीला येई. पाटील जमिनीच्या कामासाठी कचेरीत शिरले, की ही माझ्या चटईच्या कडेला बसून माझ्याच पक्षकारांना प्रश्न विचारी.

पालमचा एक शेतकरी तिच्या प्रश्नांनी वैतागला आणि फाडकन म्हणाला, "बाई, तुला शिकवलं नसतं तर पाटलाला दोन बैलजोड्या आल्या असत्या. हे सोडलं त्यानं. झालं समाधान?"

मी घाबरलो. पाटलांच्या लेकीला असे तोंडावर बोलणे म्हणजे काय! पण ती टाळी वाजवून म्हणाली, "बरोब्बर! मामा, माझ्या वर्गातल्या मुलींपेक्षा तुमाला लवकर समजलं!" तो बिचारा शिवी देऊन शाबासकी मिळाल्यासारखा गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मीही त्याच्याकडेच पाहत होतो.

मी तिला एकदा सरळच विचारले, "या शास्त्रात श्रीमंत कसं व्हायचं ते शिकवतात का?"

"नाही, मुन्शीजी. सगळं मिळत नाही, तवा निवडायचं कसं, ते शिकवतात."

"त्यासाठी हैदराबादला कशाला जायचं? आमच्या घरी रोज तेच चाललेलं असतं."

"चाललेलं असतं, पण कुणी मोठ्यानं म्हणत नाही."

आपणही अशी माणसे पाहिली असतील. ती बोलत असतात तोवर सारे लख्ख दिसते. ती उठून गेली की आपण काय पाहिले, ते आठवत नाही. शाळेत ती उर्दूत शिकली, कॉलेजात इंग्रजीत, आणि घरी मराठी. विचार कोणत्या भाषेत करतेस असे विचारल्यावर ती म्हणाली, "हिशेब उर्दूत, उत्तर इंग्रजीत, अन् रडू आलं तर मराठीत." तिला रडू येत असेल, असे मला तोवर कधी वाटले नव्हते.

पाटलांचा एक विशेष सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच घडले. तोंडी सांगितलेले ते ऐकून घेत नसत. गावातला तंटा असो की घरातली मागणी असो, त्यांचे उत्तर ठरलेले होते: "तोंडी न्हाई. कागद आण." पाटलीणबाईंना मीठ हवे असले तरी अर्ज द्यावा लागतो, अशी थट्टा गावात चाले.

बी.ए. झाल्यावर तिला पुढची दोन वर्षे एम.ए. करायचे होते. पाटलांनी तिच्या लग्नासाठी रक्कम बाजूला ठेवली होती आणि स्थळेही पाहायला सुरुवात केली होती. तिने अनेकदा विषय काढला. पाटील म्हणत, "तोंडी न्हाई."

एका सकाळी ती एकटीच माझ्याकडे आली. पदर खांद्यावरून ओढून घेऊन चटईवर समोर बसली. कडेला नव्हे, जिथे पक्षकार बसतो तिथे.

"अर्ज लिहायचाय, मुन्शीजी."

"कोणाच्या नावे?"

"वडिलांच्या."

माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात लेकीने बापाला अर्ज दिल्याचे ऐकिवात नव्हते. पण पक्षकार तो पक्षकार. मी कागद दुमडला आणि माझ्या नियमाप्रमाणे लिहिले: 'अर्जदार ही गरीब व निराधार असून.' तिने वाकून वाचले आणि माझ्या हातातली लेखणी घेऊन ती ओळ खोडली.

"मी निराधार कुठंय? वडील हायेत, जमीन हाय."

"बाई, मग हाकीम दया कशी करणार?"

"दया नकोय. निवाडा पाहिजे."

'कृपावंत होऊन' हेही तिने खोडले. 'चरणी मस्तक ठेवून' खोडले. माझा अर्ज तोडलेल्या झाडासारखा दिसू लागला. शेवटी मजकूर राहिला तो एवढाच: लग्नासाठी ठेवलेली रक्कम एकदाच खर्च होऊ शकते, अर्जदारास ती शिक्षणावर खर्च व्हावी अशी इच्छा आहे, तसे झाल्यास लग्नाच्या खर्चावर अर्जदाराचा हक्क राहणार नाही.

शेवटचे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. "हे नक्की ना, बाई?"

तिने उजवी मूठ मिटली. डावा हात पुढे आणला, पण तो उघडायला वेळ लागला. मग हळूच म्हणाली, "नक्की न्हाई, मुन्शीजी. पण अर्जात नक्कीच लिहावं लागतं ना?"

मी मान हलवली. याहून अधिक काही म्हणायला हवे होते का, हे मला अजून उमगलेले नाही.

पाटलांची नजर अधू झालेली, म्हणून अर्ज वाचून दाखवायला मी स्वतः गेलो. ते ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. मी वाचले. त्यांनी लेकीकडे पाहिले नाही, समोर कोणी परकी बाई उभी असावी तसे विचारले, "अर्जदार हजर हाय?"

"हजर हाय."

"अर्ज राजीखुशीनं दिला? कुणी शिकवलं न्हाई?"

"शिकवलं तर तुमीच. कागद आण म्हणून."

पाटलांच्या मिशा हलल्या. हसू होते की राग, ते मला ओळखता आले नाही. आतून पाटलीणबाईंचा आवाज आला, "अगं बाई, लोक काय म्हणतील?"

"त्यांनी तोंडी म्हणू नये," पाटील म्हणाले. "कागद आणावा." मग त्यांनी माझ्याकडून लेखणी घेतली, कागद डोळ्यांजवळ धरला आणि कोऱ्या समासात मोठ्या अक्षरांत लिहिले: मंजूर. पुन्हा अर्ज चालणार नाही.

तिने वाकून त्यांना नमस्कार केला. पाटील तक्क्याकडे वळून बसले होते.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली. सिकंदराबादच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टेशनाकडे जाताना टांगा थांबवून उतरली. मी तिच्यासाठी चहा मागवला. तिने काही न विचारता प्यायला.

ती एम.ए. झाली आणि तिकडेच एका कॉलेजात शिकवू लागली. पहिल्या सुट्यांना गावी यायची. तेव्हा गावातल्या बायका तिला शास्त्राचे काही विचारत नसत, स्थळाचे विचारत. पुढे येणे कमी झाले. मग राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही मुंबईकडे गेलो, हैदराबाद तेलुगू मुलखात राहिले. कालपर्यंत जे आमच्या राजधानीचे शहर होते, ते परमुलखातले झाले, आणि पाटलांची लेक न हलता पलीकडची झाली. यात कोणी काय घेतले आणि काय सोडले, हे मला कळेना. विचारावे तर विचारायचे ते माणूसच नव्हते.

गेल्या साली पाटलीणबाई वारल्या. लेक आली, दिवस होईपर्यंत राहिली, आणि कॉलेज उघडले म्हणून परत गेली. माझी भेट झाली नाही.

नंतर दिवाळीच्या तोंडावर एक दिवस पाटील काठी टेकत माझ्या झाडाखाली आले. मी उठून उभा राहिलो, माझी गादी पुढे केली. त्यांनी ती नाकारली आणि पक्षकाराच्या चटईवर बसले.

"अर्ज लिहायचाय."

"कचेरीत?"

"न्हाई. लेकीकडं."

"पाटीलसाहेब, बापाने अर्ज कशाला द्यावा? नुसता निरोप धाडा, येतील."

"निरोप तोंडी असतोय," ते म्हणाले. "अन् हुकूम लय दिले जन्मभर. आता अर्ज देऊन बघतो."

मागणी एवढीच होती की दिवाळीला घरी यावे, जमले तर चार दिवस जास्त राहावे. मी कागद दुमडला आणि हाताच्या सवयीने लिहून गेलो: 'अर्जदार हा वृद्ध व निराधार असून.' लिहिल्यावर दचकलो. या घराने ही ओळ माझ्यासमोर एकदा खोडलेली होती. त्यांना वाचून दाखवली आणि खोडण्यासाठी लेखणी टेकवली.

पाटलांनी माझे मनगट धरले. "ऱ्हाऊ द्या ते."

मी पुढचा मजकूर लिहिला. त्यांनी सही केली, कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि डाव्या कोऱ्या भागावरून बोट फिरवले.

"समास एवढाच सोडता व्हय, मुन्शीजी? जरा रुंद ठिवा. तिला हुकूम लिहायला जागा पायजे."

मी नवा कागद घेतला.