छाप नसलेला कपॅसिटर

सोल्डरचा धूर नाकात गेला की अण्णांची, माझ्या वडिलांची, ती दुपार आठवते. मदरबोर्डवरच्या तिळाएवढ्या कपॅसिटरवर काहीच छापलेलं नसतं. तो जळला की अण्णा दुरुस्तीच्या दुकानात तसलाच चांगला बोर्ड शेजारी ठेवून त्याच्यावरून व्हॅल्यू मोजायचे.

त्या दुपारी पेणचे पाहुणे मला बघायला रोह्याला आले, तेव्हा अण्णांनी धाकट्या बहिणीला, सुधाला माझ्या शेजारी बसवलं. हसत म्हणाले, "चांगला बोर्ड जोडीला ठेवला की खराब लगेच कळतो." पाहुणेही हसले. पोह्यांची बशी माझ्या हातातच राहिली. सुधा पेणला गेली.

आता दुकान मी चालवते. अण्णा माणसं विसरलेत. मघाशी त्यांनी विचारलं, "तू कोण गो?"

"माझ्यावर काय छापलेलं नाय, अण्णा. आणि सुधा जोडीला नाय. मग कसं कळायचं तुम्हाला?"