हिरवळीवरचं मीठ

बाबांना मी आयुष्यात एकदाच ठरवून दुखावलं, आणि त्याचं मूळ एका हिरवळीत आहे. हसू नका. आमच्या भागात गवत कुणी मुद्दाम लावत नाही. ते कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावरसुद्धा उगवतं आणि उपटता उपटता बायकांच्या कमरा मोडतात. पण मालवणजवळच्या एका टेकडीवर सरकारी बंगला होता आणि त्याच्यासमोर गोऱ्या साहेबांच्या काळापासून हरळीचा एक मोठा चौकोन जपलेला होता. बाबा त्या चौकोनाचे माळी. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट.

अकरा वर्षं झाली तरी ते हंगामीच होते. बंगल्यामागची एक खोली आम्हाला राहायला मिळाली होती, तीही नोकरी असेपर्यंत. आई वारली होती. धामापूरच्या घरातला आमचा वाटा काकांनी केव्हाच गिळला होता. नोकरी गेली असती तर आम्ही बाप-लेक कुठे गेलो असतो, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. पाऊस सरला की मोठे साहेब तपासणीला येणार, आणि बंगल्यावरची माणसं कायम करायची की कमी करायची ते तेच ठरवणार, असं त्यांनी सांगितलं. जाता जाता म्हणाले, "हिरवळीचं बघा. दरवर्षी शेवाळ खातंय तिला."

खरंच खात होतं. अर्धा चौकोन आंब्याच्या सावलीत, खाली कातळ, वर जेमतेम वीतभर माती. पाणी जाणार कुठे? आषाढात शेवाळ धरायचं आणि श्रावण संपेतो हरळी त्याखाली गुदमरून पिवळी पडायची. बाबांचे गुडघे धरलेले, म्हणून ओणवं होऊन खरवडायचं काम माझं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. डोक्यावर इरलं घ्यायचं आणि करवंटीने खरवडत सुटायचं. टोपल्याच्या टोपल्या उकिरड्यावर टाकल्या, तरी आठ दिवसांत पुन्हा तेवढंच. राख टाकून पाहिली, ती पहिल्याच सरीत वाहून गेली. मग एका कोपऱ्यात मी पहारीने भोकं पाडली आणि त्यांत नदीची वाळू भरली. तिथे पाणी मुरायला लागलं आणि शेवाळ खरोखरच मागे हटलं. मला भलताच हुरूप आला. ओव्हरसियरांना म्हटलं, आंब्याची ही एक फांदी उतरवा, ऊन येऊ दे. ते म्हणाले, "झाड सरकारी आहे, बाई. फांदी तोडायला वरून हुकूम लागतो." शेवाळाला वाढायला कुणाचाच हुकूम लागत नव्हता.

बाबांना भोकांचा धीर नव्हता. गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्याच दिवशी ते शिरोड्याच्या जाड्या मिठाचं पोतं घेऊन आले. घरापुढचं खळं निसरडं झालं की आमच्याकडे मीठ फेकतात, शेवाळ मरतं. माडाच्या आळ्यातही मीठ घालतात. त्यामुळे मीठ म्हणजे मुळांना औषधच, अशी त्यांची पक्की समजूत.

"बाबा, घालू नकात हां. गवात मरात."

"माडाक घालतंव, तो खंय मरता?"

"तो माड आसा. खाजणात खारा पाणी शिरला की भात मरता ना? गवात भाताच्या जातीचा."

"तू माका शिकव नको."

माझा कोपरा तेवढा मी हात आडवा धरून वाचवला. बाकी सगळीकडे त्यांनी मुठी भरभरून मीठ टाकलं. तीन दिवसांत शेवाळ काळं पडलं. बाबा इतके खूश झाले की मला हाका मारून मारून दाखवत होते. आठवड्याने हरळीही तपकिरी झाली. उपटून पाहिली तर मुळासकट हातात आली.

साहेब आले ते नेमके त्यानंतर. छत्रीच्या टोकाने त्यांनी मेलेलं गवत उकरलं. चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"मीठ कोणी टाकलं?"

मी मागे दाराशी उभी होते. बाबांनी टोपी काढली. माझ्याशी जी मराठी ते जन्मात कधी बोलले नव्हते, त्या शुद्ध मराठीत म्हणाले, "मुलीनं टाकलं, साहेब. तिला कळलं नाही. मी गावात गेलो होतो."

साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग माझ्या हिरव्या कोपऱ्यापाशी जाऊन विचारलं, "आणि हे कोणी राखलं?"

"मी, साहेब," बाबाच म्हणाले.

"असंच सगळं करा. मुलीला सरकारी बागेत हात लावू देऊ नका."

मला राग आला असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मला किळस आली. म्हातारा माणूस घाबरतो, छप्पर जाईल म्हणून खोटं बोलतो, हे सगळं मला कळत होतं. तरी त्यांच्या ताटात पेज वाढताना मी त्यांच्याकडे बघत नसे. तेही त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. महिनाभर आम्ही त्या एका खोलीत तसेच राहिलो.

मग लखोटा आला. बाबांना अक्षरओळख नव्हती. दारात उभे राहून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "वाच गो."

मी वाचला. त्यांना कायम केलं होतं. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "तुमका काडल्यानी. म्हयन्याभरात खोली खाली करूक सांगल्यानी."

ते उंबऱ्यावर बसले. मग हळूच म्हणाले, "मगे तुजा नाव घेतलंय, ताय फुकट गेला गो."

महिनाभर मला त्यांच्या तोंडून काहीतरी ऐकायचं होतं. ते हे नव्हतं. पण ते इतकं खरं होतं की मला पुढे खोटं रेटवेना.

"खोटा सांगलंय, बाबा. कायम केल्यानी तुमका. ह्यां बघा, हंय लिवलेला आसा."

त्यांनी आधी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. कागद माझ्या हातातून काढून घेतला, टोपी घातली, आणि तसल्या गुडघ्यांनी सबंध टेकडी उतरून ते पोस्टमास्तरांकडे गेले, वाचून घ्यायला.

दिवेलागणीला परत आले. कागद खरा निघाला होता. त्यानंतर त्या खोलीत आम्ही सहा वर्षं राहिलो, आणि प्रत्येक पत्र वाचून घ्यायला बाबा टेकडी उतरून जात राहिले. मी घरातच असायचे.