पंगतीतला उजवा हात

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, याची खात्री नाही. म्हणून आधीच माफी मागतो. मी बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मेंदूविषयी लिहावं इतकं मला कळत नाही. माझ्या वडिलांच्या उजव्या हाताविषयी मात्र थोडं माहीत आहे, तेवढंच लिहितो.

आमचं गाव पारनेर तालुक्यात. लग्न असो की दहावा, पंगतीत आमटीची बादली अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात असायची. सगळ्यांना वाढून झालं की शेवटच्या पंगतीला ते स्वतः बसायचे. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पाय हळूहळू सावरला, बोलणंही बरंचसं परत आलं. उजव्या हाताची मूठ मात्र मिटली ती उघडेना. डाव्या हातानं जेवायला ते तयार नव्हते. "डाव्या हातानं अन्नाला शिवू व्हय?" एवढंच म्हणायचे. मग आई भरवायची. सुट्टीत गेलो की मीही भरवायचो. घरात पाहुणे असले की अण्णा "भूक न्हाई" म्हणायचे, आणि पंगतीचं बोलावणं आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्यांचं जेवण कमी होत चाललं होतं. अंगावरचा सदरा सैल दिसायला लागला होता.

नगरच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्यांच्या कोपराखाली एक पट्टा बांधला. त्याच्या आतल्या बाजूला धातूच्या लहान चकत्या होत्या, आणि वायरीनं जोडलेला पडद्याचा एक लहान डबा होता. माणसानं मूठ उघडायचं मनात आणलं की, हात हलला नाही तरी, मेंदूकडून स्नायूपर्यंत कधीकधी एक पुसट सिग्नल पोचतो. यंत्र तो टिपतं, आणि त्याच क्षणी स्नायूला बारीकसा करंट देऊन बोटं उघडतं. हे मी वर्गात शिकलो होतो. पण वर्गातल्या आकृतीत हाताच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण नव्हता.

"अण्णा, मूठ उघडा," मॅडम म्हणाल्या.

पडद्यावरची रेघ सपाटच होती. अण्णांच्या कपाळावर घाम आला. मग रेघ थरथरली, जराशी वर गेली आणि बोटं उघडली. अण्णांनी डाव्या हातानं तो हात उचलून जवळून पाहिला.

"ह्ये मी केलं का तुमच्या डब्यानं?"

"निम्मं तुम्ही, निम्मं डब्यानं. तुमचा वाटा वाढत गेला की डबा काढून ठेवायचा."

पट्टा घरी नेता आला. आई रोज नेमानं तो बांधायची. तरी पुढच्या खेपेला रेघ जिथल्या तिथेच होती. मॅडमनी विचारलं, "जेवतात कसे?"

"मीच भरवते की," आई अभिमानानं म्हणाली. "एक घास चुकू देत न्हाई."

"मावशी, मेंदूचा जो भाग गेला, त्याचं काम शेजारचा भाग शिकू शकतो. पण गरज पडली तरच शिकतो. तासभर पट्टा लावायचा आणि बाकीचा दिवस हात मांडीवर पडून राहायचा, मग मेंदूनं शिकावं कशाला? भरवणं बंद करा."

"मंग काय उपाशी ठिवू?"

मॅडमनी पट्टा पिशवीत घालून तिच्या हातात दिला, जेवतानाच बांधा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून अण्णा ताटासमोर बसले. नेमकी त्याच वेळी आत्या आली, अण्णांची थोरली बहीण.

"काय गं बाई! नवरा ताटाशी झगडतोय आन् तू हाताची घडी घालून बसलीस? आता भाकर मोडायला बी करंट लागतो व्हय? लाईट गेली तर माझा भाऊ उपाशीच म्हन!"

"बॅटरीवर हाय, आक्का," अण्णा म्हणाले. "तू गप बस. एवढा घास पोचू दे."

घास पोचला नाही. भाकरीचा तुकडा ताटात पडला. त्यांनी तो पुन्हा उचलला, पुन्हा पडला. आई उठून चुलीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. पदराचं टोक तिनं दोन्ही मुठींत आवळून धरलं होतं.

सुट्टी संपल्यावर मी कॉलेजला परतलो. फोनवर हाताचं विचारलं की आई म्हणायची, "चाललंय." त्यापुढं काही नाही. सगळेच हात परत येत नाहीत, हेही आम्हाला शिकवतात. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, एरवीपेक्षा लवकर. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांचा दहावा होता म्हणाली. "अण्णा गेल्ते."

"दहाव्याला?"

"पंगतीला. पट्टा घरीच ठिवला. मी बायांच्या बाजूनं बघत हुते."

"जेवले?"

"लई सांडलं. सगळी आमटी सदऱ्यावर. पर उजव्याच हातानं, कुनी भरवलं न्हाई." मागे भांड्यांचा आवाज येत होता. "बादली दुसराच फिरवत हुता. त्यो फुडं गेल्ता, तर तुझ्या अण्णांनी त्याला मागं बोलावला, आन् आनखी आमटी वाढून घेतली."