पारख्याचं नाक

इंग्रजी अमलात मी अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. तिथला कापूस पारखणारा नुसत्या वासावरून ओला कापूस ओळखी. जवळ आला की मलाही म्हणे, "बाबूजी, आज भरीत खाल्लं वाटते!" आणि ते खरं असे.

एका दुपारी मी कापसाच्या गंजीला टेकून बसलो होतो. तो ओरडत आला, "उठा बाबूजी! आत जळून राह्यलं!" धूर कुठेच दिसत नव्हता. मला ढकलून त्यानं दोन्ही हात कापसात खुपसले आणि धगधगता गोळा ओढून बाहेर फेकला. लोकांनी पाणी ओतलं, गंजी वाचली. त्याचे भाजलेले तळवे पाहून मी पाणी घेऊन धावलो. तो मात्र तोंड फिरवून ओकत होता.

"फार दुखतं का?" मी विचारलं.

"दुखणं सोसतो, बाबूजी. पण माह्याच मांसाचा हा वास कसा सोसू?"