मामांच्या गॅलरीवरची पट्टी

समजा, तुमच्यासमोर पडद्यावर, रस्त्यावरच्या कॅमेऱ्यातून दिसणारं एका चौकाचं चित्र आहे. खाली बसथांबा, सिग्नल, औषधांचं दुकान. वर तीन मजल्यांच्या खिडक्या आणि गॅलऱ्या. तुमच्या हातात माउस. काम एवढंच की रस्ता दिसला पाहिजे आणि कोणाचं घर दिसता कामा नये. प्रत्येक खिडकीवर एक चौकट ओढायची, की चित्राच्या तेवढ्या तुकड्यावर काळी पट्टी बसते. मग कॅमेऱ्याला तो दिसत नाही आणि त्याची नोंदही होत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण गॅलरी अर्धी रस्त्यावर लोंबत असते. तिथे वाळत घातलेली चादर घरातली धरायची की रस्त्यावरची? बसून बघा म्हणजे कळेल.

नगरपालिकेत हे काम करणाऱ्या मुलीला सगळे पट्टीवाली म्हणत. तिच्या कामाची सुरुवात मात्र पट्टीच्या बरीच आधी होई. कोणी नगरसेवक कॅमेरा मागायला आला की ती आधी विचारी, "कशासाठी?" नुसतं "सुरक्षेसाठी" म्हटलेलं तिला चालत नसे. चोऱ्या होतात, अपघात होतात, की कोणी कचरा टाकतं? एकदा एकजण वैतागून म्हणाला होता, "ताई, शेजारच्या वॉर्डात चार कॅमेरे आणि आमच्याकडे दोनच. आमचे चोर काय कमी प्रतीचे आहेत?"

चौकातला कॅमेरा अपघातांमुळे मंजूर झाला. तो बसला तेव्हा तिने सगळी घरं झाकली, एक सोडून. पहिल्या मजल्यावरची ती गॅलरी तिच्या सख्ख्या मामांची होती.

मामी गेल्यापासून मामा एकटेच राहत. मध्यंतरी ते न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दूधवाल्याने दार ठोठावेपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून परगावचा मुलगा त्यांना घेऊन जायला टपला होता आणि मामा काही केल्या हलायला तयार नव्हते. कॅमेऱ्याचा खांब उभा राहिला तशी त्यांना आयतीच युक्ती सापडली.

"माझ्या गॅलरीवर तुझं ते काळं फडकं टाकू नकोस," कॅमेरा बसवणाऱ्यांच्या शिडीखाली तिला गाठून ते म्हणाले.

"मामा, नियम आहे तो."

"घर माझं, थोबाड माझं. दिसलं तर कोणाचं काय बिघडतं? पोराला सांगून ठेवलंय मी, भाची रोज बघणार मला. तेवढ्यावरच गप्प बसलाय तो."

म्हणजे तिला न विचारताच मामांनी तिला जामीन ठेवलं होतं. ती स्वतः नियंत्रण कक्षात बसतच नाही, तिथे एका पाळीला दोनच माणसं असतात, समोर भिंतभर चित्रं असतात, जिथून फोन येईल तिकडेच ती बघतात. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ती नुसतं "बघू" म्हणाली. आणि बघू बघू म्हणता ते राहून गेलं.

मामा रोज सकाळी गॅलरीत खुर्ची ओढत आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून हात हलवत.

वर्षातून एकदा प्रत्येक कॅमेऱ्याची तपासणी होई. तिच्या साहेबांनी चौकाचं चित्र उघडलं आणि ते थांबले.

"ही उघडी गॅलरी कोणाची?"

"माझ्या मामांची. त्यांची हरकत नाही. उलट त्यांचाच आग्रह आहे."

"त्यांच्याकडे स्वयंपाकाला कोणी येतं?"

"येतात एक बाई."

"त्यांना विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. तिला ते सुचलंही नव्हतं. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "झाक." तिने चौकट ओढली. मामांची खुर्ची, कठडा आणि मागचं दार काळं झालं.

संध्याकाळी ती मामांकडे गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"असू दे," मामा म्हणाले. "आत्तापर्यंत तर बघायचीस ना?"

"नाही, मामा. मी बघत नव्हते. कोणीच बघत नव्हतं."

मामांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "हे पोराच्या कानावर घालायची काही गरज नाही."

"घालावं लागेल."

तिने त्याच रात्री मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, मग मी इतके दिवस कोणाच्या भरवशावर होतो?" लगेचच्या रविवारी तो गाडी घेऊन आला. मामांनी दोन बॅगा भरल्या. "दोन महिन्यांनी येतो," ते शेजाऱ्यांना म्हणाले. मुलाने घराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

पुढच्या आठवड्यात पट्टीवाली कामासाठी नियंत्रण कक्षात गेली. सकाळपाळीच्या ऑपरेटरबाईंनी तिला थांबवलं.

"काय हो, चौकातल्या आजोबांवर पट्टी तुम्हीच ओढलीत?"

"हो. का?"

"काही नाही. ते हात हलवायचे ना, मीपण इकडून हलवायचे. हा शेजारचा हसायचा मला. म्हणायचा, बाई कामातून गेल्या. पण त्यांचं दर्शन झाल्याशिवाय माझा चहा गोड लागायचा नाही."

"रोज बघायचात?"

"पाळी असेल तेव्हा रोज. आता तिथे काळा ठिपका."

पट्टीवाली बाजूच्या रिकाम्या खुर्चीत बसली. कोणीच बघत नव्हतं, हे तिने मामांना सांगितलं होतं, मामेभावालाही सांगितलं होतं. त्याच एका वाक्यावर मामांच्या बॅगा भरल्या गेल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. पुलावर टेम्पो बंद पडला होता. बाईंनी पुलाचं चित्र मोठं केलं, वाहतूक शाखेला कळवलं आणि फोन ठेवला.

"आणि एखाद्या सकाळी ते गॅलरीत आलेच नसते," पट्टीवालीने विचारलं, "तर तुम्ही काय केलं असतंत?"